डोळे मिटून घेतलेला झोपाळा

पार्किंगमधला जुना दिवाण रविवारच्या आत विकायचा, असं बायकोनं, पूर्णिमानं सांगितलं तेव्हा दत्तप्रसादनं आयुष्यात प्रथमच एखादं काम त्याच दिवशी करायचं ठरवलं. (सगळं बिघडलं ते इथंच.)

वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड होतं. ताडपत्र्या दोन होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही. लाकडातलं त्याला एवढंच कळे, की ते जळतं. मोबाइलवर जाहिरात टाकली आणि तासाभरात खडकवासल्याच्या पलीकडून गेनबा टेम्पो घेऊन हजर झाला.

गेनबा खात्री केल्याशिवाय काही घेणारा माणूस नव्हता. तेवढ्यात शेजारचे रावसाहेब फेरी मारून आले. तीस वर्षं कॉलेजात व्यापारी कायदा शिकवून निवृत्त झालेले, आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी ताडपत्रीत हात घालून फळी बोटांनी वाजवली.

"अस्सल सागवान आहे," ते गेनबाला म्हणाले. "डोळे मिटून घ्या."

एवढ्यावर न थांबता ते फळीचं एक टोक उचलून टेम्पोत चढवू लागले.

संध्याकाळी रावसाहेबांच्या घरी रंगाऱ्यांनी काम संपल्याचं सांगितलं, तेव्हा ते रंगकामापुरता पार्किंगमध्ये ठेवलेला आपला झोपाळा वर न्यायला खाली आले. झोपाळा नव्हता. दिवाण होता. रावसाहेबांच्या पत्नी प्रेमलाकाकू नागपूरला मुलीकडे गेल्या होत्या, रविवारी परतणार होत्या, आणि झोपाळा त्यांच्या वडिलांनी दिलेला होता. दत्तप्रसाद घाईघाईनं मोबाइलवर गेनबाचा पत्ता शोधू लागला.

रावसाहेब मात्र शांत होते. जी वस्तू विकणाऱ्याची नाही तिची मालकी घेणाऱ्याकडे जातच नाही, हे त्यांनी खडकवासल्यापर्यंत रिक्षात समजावून सांगितलं. रिक्षावाल्यालाही पटलं.

गेनबाच्या नव्या बंगल्याच्या ओसरीत झोपाळा टांगून झाला होता. त्यावर त्याची बायको वेणूबाई पाय हलवत बसली होती. रावसाहेबांनी नियम सांगितला. गेनबानं तो नीट ऐकून घेतला.

"म्हंजी मालक तुमी?"

"मीच."

"मंग डोळं मिटून घ्या म्हनलं ते कोन? टेम्पोत चढवलं कुनी?"

रावसाहेबांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग परतीच्या रस्त्याकडे बघत हळूच दत्तप्रसादला सांगितलं, की या नियमाला एक अपवाद आहे. मालकच जर आपल्या वागण्यानं घेणाऱ्याची खात्री पटवून देत असेल, तर त्याला मागून तक्रार करता येत नाही. "दर वर्षी शिकवायचो," ते म्हणाले. "मुलं झोपलेली असायची."

आता प्रश्न कायद्याचा उरला नव्हता, काकूंचा होता. रावसाहेबांचा चेहरा पाहून वेणूबाईलाच दया आली. झोपाळा न्या, म्हणाली, पर मला बसाया तसंच काय तरी ऐसपैस द्या, त्यो जुना दिवाण नगं. दत्तप्रसादचा ऊर भरून आला. चूक आपली, भरपाईही आपलीच. त्यानं घरचा राखाडी सोफा कबूल केला. पूर्णिमा ऑफिसात असतानाच दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, झोपाळा उतरला, सोफा चढला.

संध्याकाळी पूर्णिमा रिकाम्या हॉलमध्ये पर्स घेऊन तशीच उभी राहिली. दत्तप्रसादनं सगळी हकिगत अभिमानानं सांगितली. दुसऱ्याचं विकणं हा गुन्हा, म्हणून आपलं होतं ते देऊन मोकळा झालो, असा समारोपही केला.

"अहो, आपलं कुठलं," पूर्णिमा म्हणाली. "सोफा ॲपवरून भाड्यानं घेतलाय. करार तुमच्या नावावर आहे. सही तुमची आहे."

दत्तप्रसाद तडक शेजारी गेला. रावसाहेब झोपाळ्यावर झोके घेत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, सोफा टेम्पोत चढवताना कंपनीचं कुणी हात लावायला आलं होतं का.

"नाही."

"मग अपवाद नाही," रावसाहेब म्हणाले आणि जरा बाजूला सरकले. "बसा."

दत्तप्रसाद बसला. घरी जाऊन तसंही बसणार कशावर?