तात्यांची काकवी नेटवर

टप्प! दुपारच्या सामसूम घरात काकवीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत्ताच डोळा लागलेली छोटी अदिती दचकून उठली. तिच्या झोपेच्या भरवशावर तिच्या आईनं, अनुजानं, नुकताच लॅपटॉप उघडला होता.

स्वयंपाकघरात अनुजाचे सासरे, तात्या, तोंडात चमचा धरून उभे.

"खायला न्हाय, अभ्यासाला काढलीया," ते घाईनं म्हणाले. "साच्याच्या वाळूत काकवी मिसळली की ओतकामाला भोकं पडत न्हाईत. नेटवर बघ की जरा. पण खात्रीचं बघ!"

शिरोलीतल्या त्यांच्या फाउंड्रीतून गेलेला पंपाच्या भागांचा मागचा लॉट भोकांपायी परत आला होता. हाही आला, तर गिऱ्हाईक गेलंच. तिकडं गणपतराव मिस्त्री वाळूच्या मिक्सरपाशी फोनची वाट बघत होते. आणि पॉलिटेक्निकात शिकवणारी सून घरात असताना तात्या दुसऱ्या कुणाला कशाला विचारतील?

झोपाळलेल्या अदितीला मांडीवर घेऊन, तिच्या केसांवर हनुवटी टेकवून अनुजा शोधायला लागली. पहिल्याच ठिकाणी सापडलं : 'तज्ज्ञांच्या मते काकवीमुळे भोके टळतात.'

"लावू फोन?"

"थांबा तात्या. तज्ज्ञ कोण, ते तर बघू."

दुसऱ्या ठिकाणी तेच वाक्य. तिसऱ्या ठिकाणीही तेच, फक्त फोटो निराळा.

"एवढी माणसं म्हणत्यात म्हंजे खरंच की!" चहाला आलेले शेजारचे हंबीरराव म्हणाले.

"एवढी नाहीत हो काका. एकाचंच सगळ्यांनी उतरवलंय."

तो एक कोण, ते शोधत अनुजा मागं मागं जात राहिली. शेवटी कुठल्याशा विद्यार्थ्याचा प्रकल्प निघाला. खाली संदर्भ होता : 'प्रत्यक्ष मुलाखत, तात्या, उद्योजक, शिरोली.'

"आयला! ते चष्मेवालं पोरगं व्हय!" तात्या चमकले. "च्या पाजलता की त्याला."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

तात्यांचं बोट हळूच हंबीररावांकडं वळलं. हंबीररावांचं बिस्कीट चहात बुडालं.

"मी? मला काय ठावं फाउंड्रीतलं? लग्नात पंगत लागायची होती, वेळ जात न्हवता. बोललो कायबाय!"

तेवढ्यात गणपतरावांचा फोन. "मालक, वाळू फिरतीया. वतू काकवी?"

"थांबा की जरा!"

"त्या एआयला इचार की," हंबीररावांनी अंग काढून घेतलं.

एआयनं क्षणात उत्तर दिलं. जर्मनीतले प्राध्यापक ओटो क्रान्झमायर यांचा काकवीवर गाढा अभ्यास. सोबत ग्रंथाचं नाव, पानासकट.

"जर्मन!" तात्या उठूनच उभे राहिले. "आता काय बोलायचं काम न्हाय. लावतो फोन!"

"एवढं बघू द्या, तात्या." अनुजानं तिथली विद्यापीठं धुंडाळली, ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळल्या. "असा ग्रंथच नाही. आणि असा माणूसही नाही."

"वारला?"

"जन्मलाच नाही."

तात्या मटकन बसले.

"एकच साचा काकवीचा करा," अनुजा म्हणाली. "ओता, फोडा आणि आत भोकं आहेत का डोळ्यांनी बघा. बाकीचं काम तोवर थांबवा."

तात्यांनी फोन लावला. "गणपतराव, एकच साचा घ्या. बाकी काय वतू नका. व्हय, व्हय, लई मोठं संशोधन झालंय हिकडं!"

अनुजानं लॅपटॉप मिटला. मांडीवरची अदिती एव्हाना पुरती जागी झाली होती.

"आई, तो जन्मलाच नाही, तर त्याचं नाव कुणी ठेवलं?"