वावडीवरचे पंच

लिंबराज अण्णांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ज्वारीचं भूस असतं. लोकांच्या त्या खिशात पेन असतो, चष्मा असतो, फार तर तंबाखूची पुडी असते. अण्णांच्या खिशात दोन-चार चिमटी भूस, तेही चाळून घेतलेलं. बॅडमिंटनचा डाव सुरू होण्याआधी ते एक चिमूट काढतात, हात डोक्याच्या वर नेतात, बोटं सोडतात आणि भूस कुठं जातं ते बघतात. मग खाली उभ्या असलेल्यांना सांगतात, "वारं धरणाकडनं. दीड हात. खेळा!"

आमच्या माकणीत बॅडमिंटन उघड्यावर चालतं. धरणाचं पाणी जवळ, त्यामुळे संध्याकाळचा वारा ठरलेला. दीड हात म्हणजे शटल मारताना दीड हात धरणाच्या अंगाला मारायचं. वारा ते ओढून बरोबर रेघेच्या आत आणून टाकतो. शटलला आमच्याकडे फूल म्हणतात. बाहेरगावचा चांगला खेळाडू आला, की पहिला अर्धा तास त्याची फुलं बाभळीत जातात आणि अण्णा वरून त्याच्याकडे दयेनं पाहत राहतात.

वरून म्हणजे वावडीवरून. खळ्यावर धान्य उपणताना ज्या उंच तिपाईवर उभं राहायचं, ती वावडी. मळणीयंत्रं आली आणि गावातल्या बहुतेक वावड्या चुलीत गेल्या. अण्णांनी घरची एक वाचवली, वर फळी ठोकली आणि तिची पंचाची खुर्ची केली. तिच्यावर चढताना माणसाला दोन ठिकाणी खरचटतं, पण अण्णांना कधी खरचटल्याचं मला आठवत नाही.

कोर्टही त्यांनी असंच वाचवलेलं. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा साहेब लोकांच्या वसाहतीत ते बांधलं होतं. अण्णा तिथं शिपाई. साहेब खेळायचे, अण्णा गुण मोजायचे आणि बाभळीत अडकलेली फुलं काढायचे. पुढं काम संपलं, साहेब बदलून गेले, वसाहत ओस पडली. कोर्ट तेवढं उरलं. दर दिवाळीला अण्णा त्याच्या भेगा सिमेंटनं बुजवतात, फक्कीनं रेघा मारतात. ह्या रेघांवरून गावात कुणाचं जनावर गेलं तर त्या घरचा माणूस आपणहून येऊन माफी मागून जातो.

अण्णांचा आवडता शब्द 'फैसला'. फूल पडलं, अण्णांनी हात दाखवला, की "फैसला झाला." पुढं बोलायचं काम नाही. एका दिवाळीला त्यांचे जावई हौसेनं कोर्टावर उतरले. चांगले रंगात आले होते. ऐन मोक्याला त्यांची रॅकेट जाळीला किंचित लागली. कुणी पाहिलंही नव्हतं. अण्णांनी वावडीवरून फॉल्ट दिला. जावई हसत म्हणाले, "मामा, जाऊ द्या की." अण्णा म्हणाले, "जावई घरात. हितं खेळाडू. फैसला झाला." जावई पुरणपोळी न खाता लोहाऱ्याच्या एसटीला बसले. गयावहिनींनी आठ दिवस अण्णांशी अबोला धरला. अण्णांना तो सोयीचा गेला असावा, कारण त्या आठ दिवसांत त्यांनी नियमांचं पुस्तक पुन्हा वाचून काढलं.

घरातही त्यांची पंचगिरी चालू असते. चहात साखर कमी पडली तर ते 'लेट' म्हणतात. म्हणजे हा डाव मोजायचा नाही, पुन्हा खेळा. वहिनी आतून म्हणतात, "साखरंचा डबा तितंच हाय. तुमीच खेळा."

मी मूळचा तुळजापूरचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. मी तेवढा गणिताचा मास्तर झालो आणि माकणीच्या शाळेत नोकरी काढून तिथंच राहिलो. निवृत्तीनंतर पोट सुटलं म्हणून कोर्टावर जाऊ लागलो. बरा खेळतो. कोन कसा साधायचा हे मला कळतं. गुडघ्याला कळत नाही, एवढीच अडचण.

तर एके दिवशी अण्णा सकाळीच दारात उभे. "मास्तर, आधार कार्ड द्या."

मला वाटलं पेन्शनचं काही असेल. कार्ड दिलं. संध्याकाळी कळलं, की धाराशिवला जिल्ह्याची ज्येष्ठांची बॅडमिंटन स्पर्धा आहे आणि साठीच्या पुढच्या दुहेरीत आम्हा दोघांची नावं गेली आहेत.

"अण्णा, तुम्ही तर पंच. तुमच्या हातात मी आजवर रॅकेट बघितली नाही."

"तीस वर्सं वरनं बगतुय की. काय राह्यलंय बगायचं?"

"बघणं वेगळं आणि खेळणं..."

"फैसला झाला, मास्तर. नावं गेली."

दोन महिने आम्ही सराव केला. समोर गावातली मंडळी आलटूनपालटून. संध्याकाळी एका बाजूला ऊन तोंडावर येतं, म्हणून अण्णांनी वयाचा मान सांगून कायम सावलीची बाजू घेतली. त्या बाजूनं धरण डाव्या हाताला. आणि एक कबूल करायला हवं, बघून बघून त्यांना खरोखरच पुष्कळ येत होतं. फूल कुठं पडणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. तिथं पोचायचं मात्र मला लागायचं. "मास्तर, मागं! डाव्या कोपऱ्यात!" एवढं ते उभ्या जागेवरून सांगायचे आणि मी धावायचो. शिवाय त्यांच्यातला पंच काही केल्या गप्प बसेना. आमचंच फूल बाहेर पडलं की समोरच्यांच्या आधी अण्णा "आऊट!" म्हणून ओरडायचे. मी सर्व्हिस जरा वरून केली तर माझ्याच जोडीदारानं मला फॉल्ट द्यावा, हा प्रकार मी जगात दुसरीकडे पाहिलेला नाही. मी चिडलो तर म्हणायचे, "जोडीदार झालाव म्हनून काय कायदा सोडू?"

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं धाराशिवला पोचलो. मोठा बंदिस्त हॉल, खाली हिरवी मॅट, खिडक्या लावलेल्या, पंखे बंद. अण्णा चपला काढून आत गेले, कोर्टाच्या मधोमध उभे राहिले आणि खिशातून चिमूट काढून सोडली. भूस सरळ खाली पडलं. त्यांनी दुसरी चिमूट सोडली. तीही सरळ खाली.

"मास्तर, हितं वारंच न्हाय!"

एक स्वयंसेवक झाडू घेऊन धावत आला आणि काय काय बोलला. अण्णांनी त्याला समजावलं, की भूस चाळलेलं आहे, घाण नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वारं न्हाय म्हंजी सरळ मारायचं. उलट सोपं झालं." मलाही ते पटलं. गणितानं ते बरोबरच होतं.

आमच्या गटात चारच जोड्या. पहिला सामना जिंकला की अंतिम फेरी. आम्ही बूट बांधून तयार झालो, तेवढ्यात मुख्य पंच बाई हसत आल्या. आपणही पंच असल्याचं अण्णांनी त्यांना आल्याआल्या सांगून ठेवलं होतं. "अण्णा, अभिनंदन. समोरच्या जोडीतल्या एकांचा गुडघा सुजलाय. तुम्हाला पुढे चाल. थेट फायनल."

मी खूश झालो. उपविजेतेपदाचं प्रमाणपत्र तर आता नक्की होतं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

"बाई, एक गेम तरी? हिशेबात धरू नका."

"नियम आहे अण्णा. तुम्ही स्वतः पंच आहात, तुम्हाला मी काय सांगू?"

जावयालाही माफ न करणारा हा माणूस बाईंच्या मागं मागं फिरला. "धा पॉईंटाचा तरी खेळू द्या." बाई नाही म्हणाल्या. मग ते गॅलरीत गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या त्या गृहस्थांकडे गेले आणि म्हणाले, "पाय हिकडं करा. तीळतेल हाय माज्याकडं, चोळून देतो." ते गृहस्थ घाबरून पाय आखडून बसले. मला लाज वाटली आणि हसूही आलं. म्हटलं, अण्णांना झालंय तरी काय?

फायनलमध्ये समोर धाराशिवचेच दोन निवृत्त डॉक्टर होते, वर्षानुवर्षं रोज सकाळी याच हॉलमध्ये खेळणारे. खेळ सुरू होण्याआधी त्यांच्यातले थोरले आमच्याकडे आले. हातात घड्याळ. "माफ करा हं. तुळजापूरला भाचीचं लग्न आहे, साडेबाराचा मुहूर्त. मुलीचा मामा मीच. आधीच उशीर झालाय. आम्ही सामना सोडतो. तुम्हीच विजेते."

एकही फूल न मारता आम्ही जिल्ह्याचे विजेते होत होतो. चषक समोर टेबलावर होता, चांगला हातभर उंच. खरं सांगतो, माझ्या मनात तो घरच्या टीव्हीशेजारी ठेवूनही झाला होता. मी "हो" म्हणणार, एवढ्यात अण्णांनी माझा दंड धरला आणि मला खांबामागं नेलं.

"मास्तर, एक सांगतो. गयीला सुदा म्हाईत न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं. वसाहतीत रोज चार साहेब खेळायचे. एके दिवशी एक साहेब आले नाहीत. धाकटे साहेब म्हणाले, "लिंबराज, ये खाली. आज चौथा तू." अण्णांनी चपला काढल्या, पाय पुसले, रॅकेट हातात घेतली आणि जागेवर उभे राहिले. समोरचे सर्व्हिस करणार, तोच फाटकातून जीप आत आली. चौथे साहेब उतरले.

"कुनी दे म्हनलं न्हाय हो, मास्तर. म्याच दिली. आपनहून त्येंच्या हातात दिली. आन वर पंचाच्या खुर्चीवर चढून म्याच डाव सुरू केला, लव्ह ऑल, प्ले." मग ते म्हणाले, "त्येच्यानंतर हातात धरलीच न्हाय. आता धरली, तर हितंबी कुनी खेळू देईना."

त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शिपायानं हाक मारल्यावर यावं आणि जीप आल्यावर बाजूला सरावं, यात त्यांना त्या दिवशी वावगं काही वाटलं नसणार. वाटायला वेळ लागला असेल. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या वावडीखाली खेळलो आणि एकदाही विचारलं नाही, की अण्णा, तुम्ही का खेळत नाही? याचं मला फार वाईट वाटलं.

मी डॉक्टरांकडे गेलो. "डॉक्टरसाहेब, पंधरा मिनिटं द्या. आमचा खेळ बघता पंधरा मिनिटांच्या वर तुम्हाला लागणार नाहीत. वेळेत हरतो आम्ही. मुलीचे मामा मुहूर्ताला पोचतील, माझा शब्द."

डॉक्टर आधी माझ्याकडे, मग अण्णांकडे बघत राहिले. अण्णा रॅकेट छातीशी धरून उभे होते. डॉक्टरांनी घड्याळ काढून पिशवीत टाकलं. "चला," ते म्हणाले.

मी शब्द पाळला. पाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण आमचं प्रत्येक फूल डाव्या रेघेच्या बाहेर दीड हात पडत होतं. वारा नाही हे डोक्याला कळलं होतं, हातांना कळेना. दोन महिने सावलीच्या बाजूनं खेळून हात धरणाच्या अंगाला वळले होते आणि ह्या हॉलमध्ये ओढून आत आणायला कुणी नव्हतं. मी गणिताचा मास्तर, दर वेळी दीड हात वजा करायचं ठरवायचो आणि दर वेळी फूल त्याच जागी पडायचं. एकदा बरोबर सरळ मारलं, तर ते जाळीत गेलं.

आणि दर वेळी लाईनमनच्या आधी अण्णांचा खणखणीत आवाज, "आऊट!" पहिल्या गेमच्या मध्यावर खुर्चीवरच्या पंचानं त्यांना सांगून पाहिलं, की निर्णय द्यायचं काम आमचं आहे. अण्णा म्हणाले, "बरूबर हाय तुमचं," आणि पुढच्या फुलाला पुन्हा ओरडले. गॅलरीतले लोक हसायला लागले. मग टाळ्या वाजवायला लागले. ते गुडघेवाले गृहस्थसुद्धा.

अण्णांनी चार गुण मिळवले. मी मोजलेत. चारही वेळा फूल कुठं येणार हे त्यांना आधी कळलेलं होतं आणि चारही वेळा ते स्वतः तिथं उभे होते, मला न पाठवता. चौथ्या वेळी त्यांनी जाळीजवळ असं हलकं फूल टाकलं, की धाकटे डॉक्टर "वा अण्णा!" म्हणाले आणि अण्णांनी चक्क वाकून नमस्कार केला.

पहिला गेम एकवीस-पाच. दुसरा एकवीस-सात. डॉक्टरांनी घाईघाईनं हात मिळवले. थोरल्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला, "पुढच्या वर्षी भाचीचं लग्न नाही, निवांत खेळू," म्हणाले आणि घामेजल्या कपड्यांनीच गाडीकडे पळाले.

मी बाकावर येऊन बूट सोडायला लागलो. पाहतो तर अण्णा अजून कोर्टावरच. पुढच्या सामन्याचे खेळाडू बाजूला येऊन उभे राहिले होते. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता, श्वास लागला होता, आणि ते गुणफलकाकडे बघत होते. मी उठून त्यांच्याजवळ गेलो.

"चला अण्णा. हरलो आपण."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचतही नव्हतं. "पन दोनी गेम पुरं झालं, मास्तर. शेवटच्या फुलापतुर म्या खालीच व्हतो."