खारपाटातली मंडळी

आमचे शेजारी डॉक्टर आगटे माणसांशी मराठीत बोलतात. जिवाणूंशी मात्र गुजरातीत. रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरताच गुलाबी पाण्याच्या बाटल्यांसमोर उभे राहून ते विचारतात, “केम छो?” मी हसलो, तेव्हा गंभीरपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, जंबुसरकडच्या खारपाटातली मंडळी ही. यांना मराठी कुठून येणार?”

त्या मातीत मीठ इतके, की गवतही उगवत नाही; हे सूक्ष्म जीव तेथेच सुखाने नांदतात. आमच्या शहरातल्या अलकापुरी भागात तेव्हा नवनवी झगमगीत दुकाने उघडत होती; अविवाहित आगट्यांची खरेदी एकच, खडेमिठाची पोती. वाणी विचारी, “साहेब, केटलुं अथाणुं नाखशो?” आगटे म्हणत, “लोणचं नाही रे, घरात माणसं फार!”

एकदा मी प्रेमाने गंगोदक घेऊन गेलो. आगटे दारातच आडवे आले. “तांब्या बाहेर! गोडं पाणी लागलं की ही फुगून फुटतात हो!” पतितपावनी गंगा कोणाला घातकही ठरू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत नंबर लागला आणि या जीवांची जनुके वाचून घेण्याचा योग आला. आमच्या पदपाठात एकेक पद सुटे करतात, तसे एकेक अक्षर सुटे करून. परंतु जनुके बाहेर काढायची, तर तेच गोडे पाणी घालणे भाग होते. आगट्यांनी तीन आठवडे सबबी सांगितल्या. बाटल्यांना दुसऱ्या कोणाचा हातही लागू दिला नाही. अखेर त्यांच्या सहकारी हेतलबेन कडाडल्या, “सर, शुक्रवारे पार्सल नहीं जाय तो आपणो नंबर गयो! बार वरसनी मेहनत! अने अर्धां तो जीवतां रहेशे ने?”

“आणि हे अर्धे?” आगटे पुटपुटले.

गुरुवारी त्यांनी मला बोलावून घेतले. “तुम्हीच घाला. माझा हात धजत नाही.”

मी नारायणस्मरण करून वेगळ्या काढलेल्या अर्ध्यांच्या नळीत शुद्ध पाणी ओतले. गुलाबी गढूळपणा हळूहळू निवळला. आगटे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

“दुखलं असेल का हो?”

“नाही,” मी म्हणालो. शास्त्राधारावाचून मी दिलेले जन्मातले ते पहिले उत्तर.

हेतलबेन नळी बर्फात ठेवून घेऊन गेल्या. मी म्हणालो, “चला, आमच्याकडे जेवायला.”

“आज नको. उरलेल्यांजवळ कोणी असावं.”

खोलीत खुर्ची एकच होती. ती माझ्याकडे सरकवून ते बाटल्यांशेजारी जमिनीवर बसले.