सरकारी आकडे आणि माझ्या पोटातलं पाणी

आमच्या थोरल्याला देवाने डोकं दिलं, पण निवडायची धमक दिली नाही. चपलांच्या दुकानात उजव्या पायात एक, डाव्यात दुसरी घालून संध्याकाळपर्यंत बसणारा माणूस तो. शेवटी दुकानदारच हात जोडतो. बायको मी निवडली, म्हणून संसार तरी झाला.

त्या दिवशी त्याची नोकरी कायम व्हायची होती. महागाईचे सरकारी आकडे ऑफिसात कोणत्या प्रकाराने घ्यायचे, एवढं ठरवून त्याने घरूनच, कॉम्प्युटरवर, मोठ्या मॅडमना सांगायचं. यात अवघड ते काय? मी शाळेची पायरी चढले तशी उतरले, तरी अख्खं घर ठरवते. सुनेला म्हटलं, "मला सांग, चुटकीसरशी निवडून देते."

सून कामावर निघाली होती. केसांना चिमटा लावता लावता म्हणाली, "आई, एक पीडीएफ. छापील पानासारखं, बघा पण हात लावू नका. दुसरं एक्सेल, खणाखणांचं, हवी तिथे बेरीज करा. तिसरं सीएसव्ही, नुसते आकडे आणि मध्ये स्वल्पविराम. चौथं म्हणजे सरकारकडून थेट नळच. फाईल आणायला नको, नवे आकडे आले की आपोआप धो धो."

"मग नळच घ्या की! म्हणतात काय त्याला?"

तेवढ्यात बस आली. नाव राहिलं, उपदेश राहिला नाही. "डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, आई!"

मला पाण्याचा कंटाळा आणि घरादाराला माझ्या पाण्याची हौस.

मी भाजी निवडत बसले. या घरात निवडायचं काम माझंच. आतून थोरल्याची उजळणी ऐकू येत होती. "पीडीएफ... नको. एक्सेल... बघू." आणि एकदम खणखणीत, "ए, पी आय!"

मी चमकले. आईची 'आय' केली? वर 'ए'? पण काळजीपोटी बोलला असेल, म्हणून पेलाभर घशाखाली ढकललं. जरा वेळाने पुन्हा, "ए, पी आय!" प्यायले. पुन्हा तेच! अहो, म्हशीला तरी कोणी इतकं पाजत नाही. पोटाची पखाल झाली, हलले की डुचमळायची.

व्हायचं तेच झालं. आणि न्हाणीघराची वाट नेमकी थोरल्याच्या पाठीमागून! तोवर मॅडम पडद्यावर आल्या होत्या. वाकून निघाले, तर कॉम्प्युटरमधून त्यांचा आवाज आला, "मागे कोण आहे?"

विचारल्यावर तोंड चुकवणारी मी नव्हे. ताठ उभी राहिले. "मी याची आई. सकाळपासून हा मला पी पी म्हणून ओरडतोय. आता थेंबभर जाणार नाही!"

मॅडम गार. "आईंना काय पाजताय तुम्ही?"

थोरला पांढराफटक. "काही नाही, मॅडम! अगं आई, एपीआय! एपीआय! एपीआय!" आणि टेबलावर मूठ आपटली.

मॅडमचा चेहरा खुलला. "ठरवलंत एकदाचं! इतकं ठाम पहिल्यांदाच बोललात. एपीआयच घेऊ. आणि तुम्ही कायम झालात, समजा."

मी आभार मानायला थांबले नाही. थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती.

बाहेर आले, तर थोरला हरखून उभा. "आई, एपीआय म्हणजे तो नळच गं!"

"नळ तुझा आणि पाणी माझ्या पोटात," मी म्हटलं. "कायम झालास, बरं झालं. पण पुढच्या वेळी काही ठरवायचं असेल ना, तर आधी आईला तहान लागलीय का ते विचार."