नंदूला साजेशी नोकरी

माणसाच्या अंगी गुण जितके जास्त, तितकी त्याला नोकरी मिळणं कठीण, हा निसर्गनियम आहे. ज्याला एकच काम येतं तो त्या कामाला लागतो. ज्याला सगळंच येतं त्याला कुठे बसवायचं, हे भल्याभल्यांना ठरवता येत नाही.

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीतला नंदू बघा. त्याने कुरियर केलं, मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्री काढल्या, मंडपांची लायटिंग केली, औषधं विकली. शिवाय बंद पडलेली लिफ्ट, पाण्याचा टँकर, गणपतीची वर्गणी आणि तिरडी बांधणं ही खाती कायमची त्याच्याकडेच. (मानधन नाही. दिलं तर त्याला वाईट वाटेल, असं कमिटीने त्याला न विचारता ठरवलं आहे.)

त्याचं करिअर मार्गी लागावं, ही आमची मनापासूनची इच्छा. नव्वद टक्के सभासदांचं मत होतं की त्याला नोकरी लागलीच पाहिजे. शंभर टक्के म्हणाले, पण लिफ्ट चालू झाल्यावर.

आणि घात झाला. अंधेरीच्या एका कंपनीने इमारतींच्या देखभालीसाठी त्याला मुलाखतीला बोलावलं. पक्की नोकरी, वर पीएफ. सोसायटीची पाचावर धारण बसली. इकडे त्याची बायको अक्षता डबे करून संसार ओढून थकलेली. तिने स्वच्छ सांगितलं होतं, हेही हुकलं तर मुलीला घेऊन कुडाळला माहेरी जाईन.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच तिसऱ्या मजल्यावरचे राजारामकाका गेले. (वय झालंच होतं, पण माणसाने वेळ बघावी की नाही?) इस्त्रीचा शर्ट घालून नंदू जिना उतरत होता. सेक्रेटरी या नात्याने मीच त्याला अडवला.

"नंदू, पाच मिनिटं ये रे."

"आज नको ना काका. अंधेरीला पोचायचंय."

"अरे, मग बांधणार कोण?"

त्याने बाह्या दुमडल्या. दुसरा इलाजच नव्हता. राजारामकाकांचा मुलगा सुबोध एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचा प्रमुख आहे. (नंदूचा अर्ज त्याने मागे परत केला होता. अनुभव फार विखुरलेला, म्हणे.) सुबोध बांबू हातात धरून डोक्याची बाजू कुठली, असं विचारत होता.

नंदूने तिरडी बांधली, डॉक्टरचा दाखला आणला, भटजी आणि गाडीही आणली. मध्येच अंधेरीहून फोन आला. मयत आहे असं कळल्यावर, घरचं कोण वारलं, असं त्यांनी विचारलं. नंदू म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरचे. विषय तिथेच संपला.

स्मशानात सुबोधने डोळे पुसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू ना यार, याच कामासाठी जन्माला आलायस." आम्हा सगळ्यांना भरून आलं. एवढ्या जाणकार माणसाचा सल्ला, तोही फुकट.

संध्याकाळी अक्षता मुलीचा हात धरून खाली आली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "काका, तुमची तिरडी बांधायला तरी त्याला पगारावर ठेवा."

तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये, पण रागात माणूस बोलतो. तिच्या बॅगा रिक्षात नंदूनेच लावल्या. दोरी अशी घट्ट बांधली की गाठीला तोड नाही.

तुम्हाला नंदूबद्दल वाईट वाटतंय, हे बघून बरं वाटलं. तुमच्या ऑफिसात जागा आहे का, असं विचारून मी तुम्हाला अडचणीत टाकणार नाही. पण असा एक नंदू तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेलच. सहज चौकशी करून ठेवा, त्याला कुठे नोकरी तर लागली नाही ना?