आमच्याकडं कुनी पडत न्हाई

सुभेदार लालासाहेब न्हाणीत पडले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय केले असेल, तर दात आवळून धरले. गुडघा फरशीवर असा आपटला होता की दुसऱ्या कुणी आळी डोक्यावर घेतली असती. पण घरंगळलेल्या तांब्याला तेवढी अक्कल नव्हती. त्याचा आवाज ऐकून राहीबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

“पडलाय व्हय?”

“न्हाई. बसलोय.”

“न्हानीत?”

“साबन शोधतोय.”

साबण त्यांच्या टाचेखालीच चेपला होता. राहीबाईंनी तो पाहिला, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात कुठे बोलायचे नाही हे त्यांना कळत होते. त्यांनी दोन्ही हातांनी नवऱ्याचा दंड धरला आणि जोर लावून ओढला. लालासाहेब अर्धे उठले, परत खाली आले, आणि राहीबाईही त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर टेकल्या.

“दमले बाई. जरा बसते,” त्या म्हणाल्या.

मग दोघे भिंतीच्या आधाराने कसेबसे उठले.

“उदयला कळता कामा न्हाई,” लालासाहेबांनी बजावले.

उदयसिंह हा त्यांचा मुलगा, पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दिवाळीत लालासाहेब, म्हणजे त्याचे आबा, अंगणात घसरले तेव्हाच त्याने निक्षून सांगितले होते, की आता पुन्हा पडलात तर दोघांनाही कायमचे पुण्याला नेणार. पुण्याचे घर अकराव्या मजल्यावर होते. लालासाहेब तिथे एकदा राहून आले होते. शेजाऱ्याकडे गप्पा मारायला गेले, तर त्याने दाराच्या भिंगातून बघूनच “काय काम आहे?” असे विचारले. लालासाहेबांनी सैन्यात बर्फात दिवस काढले होते, पण तिथे निदान बोलायला माणूस होता. आपले गाव, उंब्रज, सोडायचा विचारही त्यांना नको होता.

नेमक्या त्याच आठवड्यात सांगलीहून दीपालीताई ज्येष्ठ नागरिक संघात आल्या. ताई फिजिओथेरपिस्ट होत्या आणि गावोगावच्या संघांत म्हाताऱ्या माणसांसाठी तोल सांभाळायचे व्यायाम सुरू करत होत्या. संघाचे काम म्हणजे सकाळी पेपर, दुपारी पत्ते आणि संध्याकाळी सरकारला सल्ला. अध्यक्ष लालासाहेब आणि चिटणीस भाऊसो.

“आठवड्यातून दोनदा वर्ग घेऊ,” ताई म्हणाल्या. “आधी मला सांगा, गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कोण कोण पडलं?”

एकही हात वर गेला नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तालमीत वाढलेले आणि उरलेले सैन्यातून आलेले. लंगोट खुंटीला टांगून जमाना झाला होता, पण आपली पाठ जमिनीला लागली हे चारचौघांत सांगणारा माणूस त्या हॉलमध्ये अजून जन्मायचा होता.

“आमच्याकडं कुनी पडत न्हाई,” भाऊसो म्हणाले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“आणि हे काय?”

“म्हशीनं ढकललं.”

“अन् तुमच्या कपाळाला?” ताईंनी शेजारच्या आकारामला विचारले.

“दार आडवं आलं.”

दीपालीताईंनी पर्स खांद्याला लावली. “मग चांगलंच आहे. इथं गरज दिसत नाही. मेढ्याची मंडळी कधीची बोलावतायत, तिकडंच सुरू करते.”

मेढ्याच्या संघाशी त्यांची जुनी चुरस होती; ते नाव निघताच सगळे सावरून बसले. लालासाहेबांचा गुडघा त्याच क्षणी ठणकला. हे शिक्षण आपल्याला हवे आहे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पण मागायचे कसे?

“थांबा ताई,” ते म्हणाले. “आमाला गरज न्हाई, ते खरं. पन शिकून ठेवतो. उद्या मेढ्याचं कुनी पडलं तर उठवायला जायला नगं?”

अशा रीतीने केवळ मेढ्याच्या भल्यासाठी वर्ग सुरू झाला. पुरुष खुर्च्या मांडून हॉलमध्ये बसत आणि बायका मागच्या खोलीत चहा करत. हे कुणी ठरवले ते कुणालाच आठवत नव्हते. आधी नुसते हसू चालले. हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितल्यावर मात्र एकेकाचे हसू मावळले. ताई बोलायला गोड, पण शिस्तीला सुभेदारांना भारी होत्या. चालताना दोन्ही हात मोकळे ठेवायचे. पायात घोळणारे काही अंगावर घ्यायचे नाही. मोजे घालून फरशीवर चालायचे नाही, ओल्या फरशीवर तर मुळीच नाही.

“आणि कुणी पडलं तर ओढून उठवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ओढणारासुद्धा पडतो. आधी कुठं लागलंय ते बघायचं. उठण्यासारखं असलं तर कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्ची धरून वर.”

लालासाहेब घरी कडी लावून पलंगापाशी तालीम करू लागले. दोन महिन्यांत त्यांना जमिनीवर बसून आपले आपण उठता येऊ लागले. गुडघाही बराच निवला. आता सगळे सुरळीत होणार, एवढ्यात भाऊसोंच्या लक्षात आले की वर्गाचे उद्घाटन राहिले आहे.

“अहो, वर्ग कधीचा चालू आहे,” ताई म्हणाल्या.

“तेच म्हनतोय मी. उद्घाटनाबिगर चाललंय म्हंजे चोरून चाललंय.”

भाऊसोंनी उत्साहाने प्रमुख पाहुणाही परस्पर ठरवून टाकला. अध्यक्षांचाच मुलगा, पुण्याचा साहेब. उदयसिंहाने लगेच होकार दिला, कारण त्याला बरेच दिवस संशय होता. व्हिडिओ कॉलवर आबा सदा न् कदा बसलेलेच दिसायचे. त्याने आईला फोन केला. “आई, दोघांची बॅग भरून ठेव. आबांना चालताना बघतो आणि मग ठरवतो.”

राहीबाईंनी बॅग भरली. लालासाहेबांनी ती उंबऱ्याजवळ पाहिली आणि त्या दिवशी त्यांना भाकरी गेली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांसाठी हॉल पाण्याने धुतला. पायरीवर नारळ फोडला, त्याचे पाणी आत ओघळले. दीपप्रज्वलन असल्याने सगळ्यांनी पादत्राणे बाहेर काढली.

“भाऊसो, फरशी कोरडी करून घ्या,” दीपालीताई म्हणाल्या.

“उद्घाटन झालं की लगेच.”

लालासाहेब जपून, अनवाणी, दोन्ही हात मोकळे ठेवून दारापासून समईपर्यंत चालत गेले. उदयसिंहाची नजर त्यांच्या पायांवरून हलत नव्हती. म्हातारा पोहोचला. आता पाहुण्यांचा सत्कार.

आणि ताईंनी शिकवलेला एकेक नियम सत्काराने मोडीत काढला. उदयसिंहाच्या डोक्याला फेटा बांधला, तो भुवयांवर उतरला. खांद्यावर शाल घातली, तिचे टोक पायात घोळू लागले. एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात गुच्छ. पायात पुण्याहून आलेले गुळगुळीत मोजे होतेच. “आता समईपाशी येऊन दिवा लावा साहेब,” भाऊसो म्हणाले. साहेबांनी ओल्या फरशीवर दोन पावले टाकली, तिसरे टाकायची वेळ आली नाही.

नारळ भाऊसोंपर्यंत गेला. गुच्छ समईवर पडला. उदयसिंह आडवा झाला आणि सगळे ओढायला धावले.

“कुनी हात लावायचा न्हाई,” लालासाहेबांचा परेडचा आवाज निघाला, तशी मंडळी जागच्या जागी थिजली. ते स्वतः मुलाशेजारी गुडघ्यांवर बसले. “घाई करू नगं. डोकं लागलं? न्हाई ना? पाय हलीव. आता कुशीवर हो. आकाराम, खुर्ची आन. खुर्ची धर रं, मला नगं धरू.”

उदयसिंह हळूहळू उठून खुर्चीत बसला. आबाही खुर्चीच्या पाठीला हात टेकून, कुणाच्या मदतीशिवाय उभे राहिले. मुलाने ते नीट पाहिले.

“लागलं का साहेब? पडला न्हवं?” भाऊसोंनी विचारले.

“नाही, नाही. बसलो होतो,” उदयसिंह म्हणाला. मग आईकडे वळून हळूच, “पूजाला सांगू नकोस.” पूजा त्याची बायको.

घोटा मुरगळला होता, गाडी चालवणे शक्य नव्हते. त्यामुळे बॅग उंबऱ्याजवळून पुन्हा आत गेली आणि साहेब आठवडाभर आबांच्या घरी बसून राहिले. पुढच्या वर्गाला ते लंगडत आले आणि मागच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले.

“पुन्हा विचारते,” दीपालीताई म्हणाल्या. “गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं?”

मग मागून उदयसिंहाचा हात वर गेला. लालासाहेबांनी वळून पाहिले. पोराने लाज सोडली आणि आपण सुभेदार असून लपतो, याचे त्यांना वाईट वाटले. त्यांनी हात वर केला. “न्हानीत. उदय, तुला सांगितलं न्हाई, कारन मला गाव सोडायचं न्हाई.”

“नका सोडू,” उदयसिंह म्हणाला. “न्हाणीत धरायला दांडी बसवून देतो.”

मग आकारामचा हात वर गेला. शेवटी भाऊसोंनीही डावा हात उचलला. “म्हस मी गेल्या साली इकली. जिन्यावरनं पडलो.”

एवढ्यात मागच्या खोलीच्या दारात कपबश्या वाजल्या. राहीबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला.

“तू कवा पडलीस?” लालासाहेबांनी विचारले.

“तुमास्नी वडत हुते तवाच. बसले म्हनलं, पन पडले हुते. कंबर अजून धरतीया.”

इतके दिवस लालासाहेब स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळत होते, आणि तेलाची वाटी रोज हीच गरम करून देत होती. त्यांना जन्मात वाटली नव्हती तेवढी शरम वाटली. ते उठले, हात न टेकता, आणि आपली पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

“हितं बस. आजपास्नं तू पुढं.”

“आन् चहा?”

“दुसऱ्या खेपेचा मी करतो.”

त्या दिवशी संघाने अध्यक्षांच्या हातचा चहा घेतला. त्यात साखर घालायची राहिली होती, पण सगळ्यांनी कप रिकामे केले.