मगदूमांनी फुकट नेलेला पाला

भूपाल मगदूम यांनी मला फसवलं. माझ्या रानातला हळदीचा पाला फुकट नेला, स्कॉटलंडात त्याची दारू झाली, आणि या सगळ्या उद्योगात नाव माझं वापरलं. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढं त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द आले, तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

मी आटपाडीकडचा वाघमोडे. वडिलांनी मेंढरं राखली. मी लोणंदला कांद्याची पोती उचलली, मग कांदा विकला, आणि आता सांगलीच्या मार्केट यार्डात माझं हळदीचं दुकान आहे. इथवर येईपर्यंत मला फसवायला बरेच जण आले आणि स्वतःचंच काहीतरी घालवून गेले. मगदूम तेवढे भरल्या हातानं गेले.

हा माणूस वास घेतो. वास आपण सगळेच घेतो, पण ते नाक आहे म्हणून. मगदूम आधी नाकानं जगतात, मग उरलेल्या अंगानं. माधवनगरला त्यांचे यंत्रमाग होते, तेव्हा सुताची लडी नाकाशी धरून सांगायचे, "ह्यो कापूस पावसात भिजलेला हाय, परत न्या." आणणारा शपथा घ्यायचा आणि परत न्यायचा. माग विकले, पण नाक कुणी विकत घेतलं नाही. ते घेऊन मगदूम रोज दुपारी माझ्या दुकानात येतात. पंचाहत्तरीकडं झुकलेला ताठ म्हातारा, पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात गाळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली. गादीवर बसायच्या आत सांगतात, "वाघमोडे, आज कुणाशी तरी भांडलाय. तापल्या लोखंडाचा वास यायलाय." मी भांडलेलो असतोच. पण ते असं नाकानं ओळखलं की मला परत भांडावंसं वाटतं.

मगदूम जैन आहेत आणि कडक आहेत. जमिनीखालचं काही खात नाहीत. कांदा, लसूण, बटाटा नाही. हळद आणि सुंठ वाळलेली असल्यामुळं चालते. ओलं आलं दिसलं तर रस्ता बदलतात. दिवस मावळला की अन्न बंद. माझ्या पूर्वीच्या कांद्याच्या धंद्याबद्दल ते अजून सुतक पाळल्यासारखा चेहरा करतात. कुठलीही गोष्ट पुढं आली की त्यांचा एकच प्रश्न, "ह्यात हिंसा किती?" मी नवीन गाडी घेतली. लोक किंमत विचारत होते. यांनी पुढच्या काचेवरच्या मेलेल्या चिलटांकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यात हिंसा किती?"

आणि ते आमच्या भागातल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांचं भाषण ऐकण्यासारखं असतं, पण ऐकायला जागा मिळते ती शेवटच्या रांगेत. कारण बोलता बोलता ते खाली उतरून लोकांमधून फिरतात आणि त्यांचं नाक चालू असतं. पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीसकट मागं सरकतात. एकदा सत्काराचा नारळ द्यायला आलेल्या पाहुण्यालाच त्यांनी माईकवर विचारलं, "सकाळीच?"

हा माणूस एक दिवस माझ्याकडं हळदीचा पाला मागायला आला.

हळद काढायच्या आधी वरचा पाला कापतात. मिरजेच्या अंगाला माझं रान आहे, तिथं तो ढिगानं पडतो. तरी मागणारा दिसला की माझ्या अंगात बाजार येतो. मी म्हणालो, "अण्णा, कशाला पायजे?"

"गुडघ्याला शेकायला."

"मग पोतं भरून न्या. पाला फुकट. पोतं परत आणायचं."

"पोतं फाटकं हाय वाघमोडे."

"फाटकं परत आणायचं."

पोत्यावरून आम्ही बराच वेळ घासाघीस केली. मी जिंकलो. पोतं परत आलं, धुऊन, शिवून. मला वाटलं, मगदूमांवर मी एक डाव केला. त्यानंतर ते दर हंगामाला पाला न्यायला लागले. गुडघा बरा होत नव्हता आणि चालणं मात्र तुरुतुरू. एकदा त्यांच्या घरी गेलो, तर सोप्यात पांढऱ्या धोतरावर माझा पाला पसरलेला. मगदूम एकेक पान उचलत होते, दोन्ही बाजूंनी मऊ फडक्यानं पुसत होते, उन्हाला धरून बघत होते. बारीक किडा दिसला की तो कागदावर घेऊन अंगणातल्या झाडावर सोडून येत होते. गुडघ्यासाठी एवढं कोण करतं? पण मी विचारलं नाही. फुकट दिलेल्या मालाची चौकशी मी करत नाही.

दर शुक्रवारी ते आणखी एक मागायचे. माझा फोन. "माझ्या फोनला आवाज न्हाई." फोन घेऊन पलीकडच्या बंद गोदामाच्या पायरीवर जायचे, तोंडावर उपरणं धरून बोलायचे, आणि डोळे पुसत परत यायचे. म्हणायचे, "हळदीची धूळ लय उडतीया तुमच्यात." मी समजायचो मंडळाचं काही गुप्त काम असेल. कुठंतरी गावठी भट्टी पकडायची असेल.

यंदा हंगामाच्या तोंडावर माझ्या दुकानासमोर गाडी थांबली. एक बाई उतरली, चाळिशीच्या आतली, आणि तिच्या मागून दाराला डोकं लागेल एवढा उंच, लालभडक गोरा माणूस. तो नमस्कार करून सरळ हळदीच्या पोत्यावर बसला. त्याची पँट गेली, हे मला दिसलं, पण बोलायला भाषा नव्हती.

"तुम्हीच वाघमोडे काका?" बाई म्हणाली.

"व्हय. कुठली हळद दावू?"

"हळद नको. तुमच्या पाया पडायला आलोय. तुमच्या पाल्यावर आमचं घर चाललंय." असं म्हणून तिनं माझ्या काट्यावर एक बाटली ठेवली. बाटलीवर हळदीचं पान काढलेलं. शेजारच्या दुकानदारानं तिथूनच आरोळी दिली, "वाघमोडे! दारूचा धंदा कवा काढला रं?"

तिचं नाव पद्मा. शिकायला म्हणून स्कॉटलंडला गेली, या रॉबीशी लग्न केलं, आणि पार वरच्या टोकाला समुद्राजवळ दोघांनी छोटी जिनची भट्टी घातली. तांब्याचं एकच भांडं, आणि जागा म्हणजे मेंढरांचा जुना गोठा. मेंढरं काढून दारू घातली हे मला पटलं नाही, पण पाहुण्यांना काय बोलणार. जिन म्हणजे साध्या दारूत रानफळं, साली, मसाले आणि मुळं घालून ती परत गाळायची. तिकडं दर दुसऱ्या गोठ्यात कुणीतरी जिन गाळत असतो, त्यामुळं यांची बाटली कुणी हातात घेईना. भट्टी बंद करायची वेळ आली होती.

"आणि मग तुमचा फोन आला," पद्मा म्हणाली.

"माझा?"

"तुमच्याच नंबरवरून की. 'म्या वाघमोडं बोलतुया. पोरी, जेवलीस का?' अशीच सुरुवात करता तुम्ही दर वेळी."

माझं डोकं तडकलं. आमच्यात कुणी असं बोलत नाही. हे तमाशात धनगराचं सोंग घेतलेल्या माणसाचं बोलणं झालं.

"पुढं काय म्हणालो मी?"

"म्हणालात, त्यात मुळं घालू नगंस. मुळी उपटली की आख्खा जीव जातो. पान घाल, म्या धाडतो."

"मी? कांदा विकून वर आलेला मी?"

ती माझ्याकडं शांतपणे बघत म्हणाली, "हो ना काका. मलाही त्याचंच नवल वाटलं. आणि पार्सल उघडलं तर प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसलेलं. एक किडा नाही. तुम्हाला बघून वाटत नाही हो, तुमच्यात एवढा धीर असेल."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मगदूमांची एकुलती एक मुलगी परदेशात आहे, हे मला ठाऊक होतं. ती लहान असताना आई गेली, यांनीच वेणीफणी करून वाढवली. भट्टीचं कळल्यावर यांनी तिला फोनवर सांगितलं होतं, दारू गाळणाऱ्या हातानं या घराचा उंबरा शिवायचा नाही. त्यानंतर बापलेक बोलले नव्हते. निदान सगळ्या सांगलीचा तसा समज होता.

मी ओरडणार, एवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागून शिंक आली.

मगदूमांची शिंक साऱ्या यार्डाला पाठ आहे. आधी लांबलचक तयारी, मग स्फोट, शेवटी देवाचं नाव. देवाचं नाव त्यांनी कसंबसं गिळलं. म्हणजे व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष मागच्या दारानं आले होते, मुलीला बघितलं होतं, आणि माझ्या हळदीमागं उकिडवे बसले होते.

पद्मानं मान वळवली नाही. फक्त आवाज चढवला. बघत माझ्याकडं होती, बोलत पोत्यांशी.

"माझी तब्येत बरी आहे, काका. पाणी गाळूनच पिते. आणि अजून दिवसाउजेडीच जेवते. हिवाळ्यात तिकडं दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो, म्हणून तीनलाच जेवायला बसते. उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जरा मजा असते."

"आणि ह्यो?" मी रॉबीकडं बोट केलं. पोत्यांना ते विचारायचं होतं, हे मला कळत होतं.

"तोही. पहिल्या हिवाळ्यात रडकुंडीला आला. आता दुपारी घड्याळ बघून तोच मला हाक मारतो."

थप्पीमागं काहीतरी हुंकारलं. रॉबीनं मला विचारलं, मांजर आहे का. मी म्हणालो, येस, ओल्ड मांजर.

निघताना पद्मा मला गाडीपाशी घेऊन गेली. "काका, मी ओळखलंय हे त्यांना सांगू नका."

"का न्हाई सांगायचं? माझं नाव घाण झालंय!"

"मगदूम म्हणून त्यांना माझ्याशी बोलता येत नाही. वाघमोडे म्हणून येतं. मला कळलंय हे समजलं, तर शुक्रवारचा फोन बंद होईल." मग बापानं न विचारता माझं नाव घेतलं, तसाच डाव तिनंही टाकला. मी हो म्हणायच्या आतच माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. मी मान हलवली.

आत आलो. मगदूम थप्पीमागून बाहेर आले होते. टोपीपासून चपलेपर्यंत पिवळे. हळद लागलेल्या नवरदेवासारखे.

"गेली?"

"गेली. आवं अण्णा, तुमी अध्यक्ष ना? जगाचे पेले फोडत फिरता आणि लेकीची भट्टी चालवता? ती बी माझ्या नावावर?"

"दारूला मी मदत केली न्हाई," ते म्हणाले. "ती मुळं घालणार हुती. मी पान घालायला लावलं. हिंसा कमी झाली." मग खाली बघून, "पोरगी वाळलीया का वं?"

"तुमी बघितली न्हाई?"

"पाठच दिसली. समोर यायचं धाडस न्हाई झालं. वास आला. हाताला तिच्या पाल्याचा वास यायलाय, वाघमोडे."

आमच्याकडं मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. बोट दाबून आकडा सांगतात, आणि तिथं ठरलेलं तिसऱ्याला कळू देत नाहीत. हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि खालून माझा हात धरला. मी सवयीनं बोटाची वाट बघत राहिलो. एकही बोट दाबलं गेलं नाही. म्हातारा नुसता हात धरून बसला होता. मग म्हणाले, "तिला सांगू नगा. कळलं तर फोन उचलायची न्हाई."

आता कायदा बघा. बोट दाबलं नाही, म्हणजे टॉवेलाखालचा सौदा झाला नाही. मुलीला मी शब्द दिला नाही, मान हलवली. आणि मान हलवण्याला यार्डात कुणी सौदा म्हणत नाही. मी दोघांचाही बांधील नाही. म्हणून हे सगळं छापायला देतोय. दोघांनी वाचावं.

अण्णा, पाला तुम्हाला माफ केला. माझ्या बोलण्याची नक्कल केलीत, तीही एक वेळ पचवीन. पण तुम्ही उपरण्याआड तोंड लपवून स्वतःच्या लेकीला 'जेवलीस का' विचारता, आणि ती तिकडून 'हो काका' म्हणते, हे चालणार नाही. ती कुणाची पुतणी नाही. मला बाप होता आलं नाही, आणि तुम्ही मिळालेलं बापपण माझ्या नावावर खपवताय. येत्या शुक्रवारी फोन तुम्हाला मिळेल. नाव मिळणार नाही. पलीकडून ती 'कोण बोलतंय?' असं विचारेल. काय सांगणार तिला? उत्तर द्या.